चांदणीची नोटीस

कंपाउंडरांनी नोटीस लिहिली मागच्या महिन्याच्या दोन तारखेला. या महिन्याची तेवीस तारीख उजाडली तरी ती त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशातच होती, आणि घड्यांवर कागद इतका विरला होता की आता दिला असता तरी बाईंना तो तुकड्यातुकड्यांनी वाचावा लागला असता.

तसा हा माणूस चालढकल करणारा नव्हे. पस्तीस वर्षं एकाच डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी औषधं दिली. अर्धी गोळी म्हणजे बरोबर अर्धी, ब्लेडने कापलेली; पुड्या सगळ्या एका मापाच्या. दवाखाना बंद होऊन दोन वर्षं झाली तरी लोक त्यांना कंपाउंडरच म्हणत. दवाखान्यावरच्या ज्या दोन खोल्यांत ते राहायचे त्या सोडायचं ठरलं, तेव्हा त्यांनी घरमालकाला तीन महिने आधी लेखी कळवून पोच घेतली होती. दूधवाल्याला सांगून झालं, पेपरवाल्याला सांगून झालं. राहिल्या होत्या फक्त तबेल्याच्या बाई.

तबेला गावाच्या कडेला होता. विटांची बुटकी भिंत, पत्र्याचं छप्पर, घोडी बांधायची अकरा ठाणं, मागे कुंपण घातलेलं चराईचं रान. लोकांची घोडी महिन्याच्या बोलीवर सांभाळायची आणि सकाळी मुलांना घोड्यावर बसायला शिकवायचं, हा बाईंचा धंदा. बाई उंच, सडसडीत, आणि बोलायला अशा की एक घाव दोन तुकडे. घोडं ठेवायला येईल त्याच्याकडून त्या एका कागदावर सही घ्यायच्या. त्यात शेवटची ओळ होती: जनावर हलवायचं असल्यास पूर्ण एक महिना आधी लेखी कळवावे.

कंपाउंडरांनी त्या कागदावर तेरा वर्षांपूर्वी सही केली होती. लेक तेव्हा चौदाची. आई नसलेल्या पोरीने दोन वर्षं एकच हट्ट धरला, आणि कंपाउंडरांनी साठवलेले सगळे पैसे घालून एक काळीभोर घोडी घेतली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदणी. पुढे लेक लग्न होऊन चार तासांवरच्या गावाला गेली. घोडी मागे राहिली, आणि जन्मात कधी घोड्यावर न बसलेले कंपाउंडर रोज सकाळी सात वाजता येऊन तिला खरारा करू लागले. तुम्ही बसत का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “तिने कधी म्हटलं नाही.”

आता लेकीच्या घरामागे मोकळी जागा झाली होती. दोन वर्षांचा नातू होता. “बाबा, तुम्ही या आणि चांदणीलाही आणा,” असं ती वर्षभर म्हणत होती. शेवटी कंपाउंडर हो म्हणाले. लेकीने घोडी न्यायला गाडी ठरवली, शनिवार पंचवीस तारीख. दर आठवड्याला फोनवर विचारायची, “बाईंना नोटीस दिलीत ना?” आणि कंपाउंडर म्हणायचे, “हो, दिली.”

आयुष्यात त्यांनी फारसं खोटं बोललेलं नव्हतं. त्यामुळे ते लेकीला खरंच वाटलं.

ही नोटीस हातून का सुटत नव्हती, त्याचं कारण चांदणीच्या शेजारच्या ठाणात उभं होतं. बाईंचा स्वतःचा घोडा, साहेब. मोठा, तांबूस, आता पंचविशीला आलेला. रस्त्यात उभा राहिला की सगळ्यांनी वळसा घालून जावं अशी त्याची अपेक्षा असायची, म्हणून साहेब. गावातली निम्मी मुलं त्याच्या पाठीवर बसून शिकली होती, कंपाउंडरांची लेकही. चार वर्षांपूर्वी त्याचे डोळे गेले. आधी एक, मग सहा महिन्यांत दुसरा. तो भिंतींवर आदळायला लागला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, “बाई, याचे हाल करू नका, सोडवा त्याला.” बाईंनी एक आठवडा मागून घेतला.

त्या आठवड्यात चांदणी आपण होऊन त्याच्या अंगाला अंग लावून उभी राहायला लागली. ती निघाली की तोही तिच्या टापांच्या मागे निघे, पण मऊ गवतात टापा ऐकू येत नसत आणि तो मध्येच हरवून थांबे. कंपाउंडरांनी ते दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी बाजारातून एक पितळी घुंगूर आणलं आणि चांदणीच्या मोरखीला, गालाखालच्या पट्ट्यावर, दवाखान्यातल्या जाड दोऱ्याने शिवून टाकलं. तेव्हापासून साहेब घुंगराच्या मागे रानात जाई आणि घुंगराच्या मागे परत येई. डॉक्टरांना पुन्हा बोलवावं लागलं नाही.

यावर बाई एवढंच म्हणाल्या होत्या, “घुंगराचे किती झाले?” आणि कंपाउंडर म्हणाले होते, “राहू द्या.” त्यानंतर चार वर्षांत तो विषय निघालेला नव्हता.

गुरुवारी मात्र बोलण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. खरारा करता करता, घोडीच्या पाठीकडे बघतच कंपाउंडर म्हणाले, “बाई, परवा गाडी येतेय. चांदणीला न्यायला.”

बाई गव्हाणीत चंदी ओतत होत्या. हात थांबला.

“कुठे न्यायला?”

“लेकीकडे. मीही जातोय.”

बाईंनी बादली खाली ठेवली, आत गेल्या आणि फाईल घेऊन आल्या. कागद काढून त्याच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “वाचा.”

“मला पाठ आहे, बाई.”

“मग एक महिना. आजपासून.”

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा कंपाउंडर तबेल्यातच होते. त्यांनी चाचरत सांगितलं तसं ती म्हणाली, “द्या त्यांना फोन.” बाईंनी फोन कानापासून वीतभर लांब धरला, तरी सगळं ऐकू येत होतं.

“बाबांनी महिन्यापूर्वीच नोटीस दिलीय तुम्हाला.”

“मला कुणी काही दिलेलं नाही.”

“म्हणजे बाबा खोटं बोलतायत?”

बाईंनी कंपाउंडरांकडे पाहिलं. कंपाउंडरांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

“बरं, तुमचं महिन्याचं नुकसान नको,” लेक म्हणाली. “पुढच्या महिन्याचे पूर्ण पैसे आत्ता पाठवते. मग तर झालं?”

“पैसे नकोत. दिवस हवेत.”

“दिवसांचं काय करणार तुम्ही?”

बाईंनी फोन कंपाउंडरांच्या हातात दिला आणि बादली उचलून पुढच्या ठाणाकडे गेल्या. लेक अजून बोलतच होती. तिला कळेना की पैसे मिळतायत तर घोडं नेमकं कुठे पेंड खातंय. शेवटी म्हणाली, “मी शनिवारी स्वतः येते गाडी घेऊन. बघते कशी अडवतात.”

शुक्रवारी बाई बोलल्या नाहीत. कंपाउंडर आले, खरारा करून गेले. चांदणीचं लसीचं कार्ड बाईंच्या टेबलाच्या खणात होतं आणि ते कार्ड नसेल तर कुठलाच गाडीवाला घोडी चढवून घेणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. परत जाताना कंपाउंडर फाटकापाशी थांबले, कोटाच्या खिशाला हात लावला, आणि तसेच घरी गेले. दोन खोल्यांतलं सामान खोक्यांत भरून झालं होतं. एका खोक्यावर बसून त्यांनी दूध-पाव खाल्ला आणि स्वतःला मनातल्या मनात जितकं बोलता येईल तितकं बोलून घेतलं.

शनिवारी दहाला गाडी आली. गाडीवाला सिगरेट ओढत खाली उतरला आणि लेक त्याच्याही आधी उतरली. तेरा वर्षांपूर्वी हट्ट धरताना जशी हनुवटी वर करायची तशीच आता केली होती. बाई फाटकात उभ्या होत्या.

“मला भांडायचं नाहीये,” लेक म्हणाली, “पण बाबांनी तुम्हाला वेळेत कळवलंय. त्यांनी पस्तीस वर्षांत कुणाला एक गोळी कमी-जास्त दिली नाही. तुम्ही त्यांना खोटं पाडताय, त्याचा मला राग आहे. बाकी कशाचा नाही.”

कंपाउंडर मधोमध उभे होते.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “दिली असेल त्यांनी. माझ्याच लक्षात राहिलं नसेल. वय झालं आता.” आणि फाटकाची कडी काढली. “कार्ड खणात आहे. आणते. घेऊन जा.”

बाईंची स्मरणशक्ती अशी होती की कुठल्या घोड्याला कुठल्या साली कोणता नाल ठोकला हे त्या झोपेत सांगतील. त्या आत जायला वळल्या तेव्हा कंपाउंडर म्हणाले, “बाई, थांबा.”

त्यांनी खिशातून तो कागद काढला. उलगडताना त्याचा एक कोपरा हातातच आला.

“नोटीस ही आहे. मागच्या महिन्याच्या दोन तारखेला लिहिली. दिली नाही.” मग लेकीकडे वळून म्हणाले, “तुला खोटं सांगितलं मी. त्यांनी काही खोटं पाडलं नाही मला.”

“बाबा, सात आठवडे तुम्ही मला…”

“हो.”

“पण का?”

“आयुष्यभर लोकांना कडू औषधं दिली,” कंपाउंडर म्हणाले. “घ्या म्हटलं की घ्यायचे. हे मात्र माझ्या हातून दिलं जाईना. तू आत ये. बघ.”

लेक सात वर्षांनी तबेल्यात पाऊल टाकत होती. साहेबाचे डोळे गेल्याचं तिने फोनवर ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं. तिने लांबूनच “साहेब” अशी हाक मारली तेव्हा त्याचे कान पुढे झाले आणि मान वळली, तिच्या बाजूला वळली खरी, पण हातभर चुकीच्या जागी. कंपाउंडरांनी चांदणीला सोडलं. ती रानाकडे निघाली, घुंगूर वाजायला लागलं, आणि तो एवढा मोठा घोडा नाक खाली घालून, त्या बारीक आवाजाला धरून, दोन दारं आणि एक चढ ओलांडून उन्हात गेला. कुठेही अडखळला नाही.

लेक कुंपणाच्या दांडीला धरून उभी राहिली. थोड्या वेळाने तिने ओढणीने नाक पुसलं.

“तुम्ही मला फोनवर हे का नाही सांगितलंत?” तिने बाईंना विचारलं.

“तुमची घोडी,” बाई म्हणाल्या. “माझ्या घोड्याची अडचण तुम्हाला कशाला सांगायची? कागदावर महिना आहे. तेवढाच माझा हक्क. त्या महिन्यात त्याचं काहीतरी बघितलं असतं.”

लेक फाटकाशी गेली आणि गाडीवाल्याला म्हणाली, “काका, आज नाही. पुढच्या महिन्यात याच तारखेला.” गाडीवाला म्हणाला की रिकामी गाडी काय पेट्रोलच्या वासावर चालत नाही. तिने येण्या-जाण्याचं भाडं त्याच्या हातावर ठेवलं, आणि तो जाता जाता म्हणाला, “घोडीपेक्षा माणसंच अवघड.”

महिना मिळाला. पण कंपाउंडरांच्या खोल्या एकतीस तारखेला रिकाम्या करायच्या होत्या, नवा भाडेकरू ठरला होता. बाईंनी न विचारता खोगिरांच्या खोलीत खाट टाकली, लगामांची एक खुंटी मोकळी केली आणि म्हणाल्या, “कोट इथे अडकवा. कातड्याचा वास येतो, सवय होईल.”

साहेबासाठी दुसरी सोबत शोधायची तर तबेल्यात पर्याय एकच होता. बाकीची घोडी लोकांची. आज आहेत, उद्या नाहीत. बाईंच्या मालकीचं दुसरं जनावर म्हणजे लवंगी नावाचं तट्टू. नावाप्रमाणे लहान आणि तिखट. नालबंद तिचे पाय धरायच्या आधी बायकोची आठवण काढतो म्हणे. चावणं हा तिचा स्वभाव नव्हता, छंद होता.

“हिच्या मागे जायचं त्याने?” बाई म्हणाल्या. “त्यापेक्षा भिंत परवडली.”

कंपाउंडर म्हणाले, “कुठलंही जुनं औषध एकदम बंद करायचं नसतं. मात्रा कमी करत न्यायची.” त्यांनी पाठकोऱ्या कागदावर तक्ता आखला आणि खोगिरांच्या खोलीच्या दाराला चिकटवला. पहिले तीन दिवस चांदणी पाच मिनिटं दूर. मग दहा. मग पंधरा. त्या वेळात दुसरं घुंगूर लवंगीच्या मोरखीला, आणि साहेबाला तिच्या मागे सोडायचं.

पहिल्या दिवशी पाच मिनिटं कशीबशी निघाली. साहेब जागच्या जागी गोल फिरला, घामाने भिजला, आणि चांदणी परत आली तेव्हा तिच्या मानेवर मान टाकून थरथरत राहिला. चौथ्या दिवशी तो लवंगीच्या घुंगराकडे दोन पावलं गेला आणि तिने त्याच्या खांद्याचा चावा घेतला. दहाव्या दिवशी तो कुंपणावर जाऊन आदळला, छातीची कातडी सोलली गेली. कंपाउंडरांनी मलम घोटलं, कापसाने लावलं. बाई त्याचं तोंड धरून उभ्या होत्या.

“नका करू,” त्या म्हणाल्या. “नाही व्हायचं हे. तुम्ही उद्या जा घोडीला घेऊन. मी बघते माझं.”

“अजून वीस दिवस आहेत, बाई.”

“मला दिसत नाही का, काय होतंय ते?”

“मलाही दिसतं. पण माझा तक्ता महिन्याचा आहे.”

संध्याकाळी बाई दोन कप चहा घेऊन खोगिरांच्या खोलीच्या पायरीवर आल्या. आधी असं कधी झालं नव्हतं. तेरा वर्षं दोघांचं बोलणं गवत, नाल आणि हवा यांच्यापलीकडे गेलं नव्हतं. बसल्यावर बाई म्हणाल्या, “दोन तारखेलाच दिली असतीत तर मी काय म्हटलं असतं, असं वाटलं तुम्हाला?”

“‘बरं’ म्हटलं असतंत.”

“मग?”

“तेच तर. तुम्ही भांडला असतात तर दिली असती.”

बाई हसल्या. हसताना त्या वेगळ्याच दिसत. “आणि आता या खोलीचं काय? खोली सोडायचीही नोटीस लागते आमच्याकडे.”

“ती कुणाला द्यायची?”

“लवंगीला द्या. तीच चालवते सगळं.”

त्यानंतर रोज संध्याकाळी दोन कप येऊ लागले.

लवंगीचं जमलं ते तक्त्यामुळे नव्हे. एकविसाव्या दिवशी दुपारी, चांदणी पलीकडच्या रानात असताना, साहेब चाचपडत लवंगीपाशी आला. तिने कान मागे पाडले, दात काढले. पण साहेबाचं नाक नेमकं तिच्या मानेच्या मुळाशी लागलं, आयाळ संपते तिथे, जिथे तिला स्वतःला कधी खाजवता येत नसे. त्याने दातांनी हळूहळू खाजवायला सुरुवात केली. लवंगीचे कान तसेच मागे, पण खालचा ओठ लोंबायला लागला. मग डोळे मिटले. बाई आणि कंपाउंडर दारात उभे होते. दोघांनी श्वासही जपून घेतला. पाव तास ते चाललं. साहेब थांबला तशी लवंगीने त्याला ढुशी दिली, की थांबलास का.

तेव्हापासून ती त्याला मागे येऊ देऊ लागली. चालायची भराभर, आणि तो मागे पडला की थांबून वळून बघायची, कुरकुरणाऱ्या सुनेसारखी. पण थांबायची. सव्वीस-सत्ताविसाव्या दिवसापर्यंत साहेब तिच्या घुंगरामागे रानात जाऊन परत येऊ लागला.

ठरल्या दिवशी गाडी आली. गाडीवाल्याने आधी लेकीला विचारून घेतलं, “नक्की ना?” बाईंनी कार्ड दिलं, चांदणीच्या पायांना पट्ट्या स्वतः बांधल्या, आणि गाडीची फळी वर ओढेपर्यंत तिच्या मानेवरचा हात काढला नाही. शेवटी बाई म्हणाल्या, “पोचल्यावर कळवा.” ते म्हणाले, “तोंडी की लेखी?” आणि दोघंही दुसरीकडे बघायला लागले.

साहेबाने पहिल्या दिवशी चंदीला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी थोडं खाल्लं. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला, “बादली चाटून ठेवलीय. लवंगीच्यातलंही खाल्लं, तिने खाऊ दिलं.” कंपाउंडर म्हणाले, “छान झालं.”

“आणि ती?” बाईंनी विचारलं.

कंपाउंडर खिडकीतून बाहेर बघत होते. घरामागच्या मोकळ्या जागेत चांदणी रस्त्याकडे तोंड करून उभी होती. तीन दिवस तशीच. चार पावलं टाकायची, थांबायची, आणि मागे बघायची. सगळा तक्ता त्यांनी साहेबासाठी आखला होता. मागे कुणी येत नाही याची सवय तिलाही लागायला हवी, हे ना त्यांना सुचलं होतं ना बाईंना.

“ती खात नाही, बाई,” ते म्हणाले. “सारखी वळून बघते.”



“चुकलंच आपलं,” बाई म्हणाल्या. “ऐका. खरारा नको, चंदी पुढे करू नका. नुसते जाऊन बसा जवळ. ती चालली की तुम्ही मागून चला. एवढंच करा.”

कंपाउंडरांनी जेवणघरातली खुर्ची उचलली आणि मागच्या दाराने बाहेर नेली. लेक विचारत होती, “बाबा, उन्हात कुठे?” त्यांनी हाताने थांब अशी खूण केली. खुर्ची घोडीपासून चार हातांवर ठेवून ते बसले. चांदणी पुढे गेली, थांबली, वळून बघितलं. कंपाउंडर उठले, खुर्ची उचलली, तिच्या मागे गेले आणि पुन्हा बसले. ती पुढे गेली. ते पुन्हा उठले. दोन वर्षांचा नातू पायरीवरून हे पाहत होता. त्याला तो खेळ वाटला आणि तो आपलं छोटं स्टूल ओढत आजोबांच्या मागे निघाला.

ऊन कलेपर्यंत तिघांनी त्या जागेला पाच फेऱ्या घातल्या. सहाव्या फेरीत चांदणी मध्येच थांबली, मागे पाहिलं नाही, आणि मान खाली घालून गवत तोडायला लागली.